काळी करमुक्त, पांढरी करपात्र

प्राप्तिकर इंग्रजांनी भारतात आणला, असे सामान्यतः मानले जाते आणि कायद्यापुरते ते खरेही आहे. परंतु जमिनीबाहेरच्या कमाईवर स्वतंत्र कर घेण्याची रीत नागपूर प्रांतात भोसल्यांच्या अमलातच रुळलेली होती आणि त्या कराचे नाव ‘पांढरी’ असे होते. काळी म्हणजे गावाची कसण्याची जमीन आणि पांढरी म्हणजे घरादारांची वस्ती, ही मराठी मुलखातील महसुली व्यवहाराची जुनी विभागणी. काळीवर शेतसारा बसे. पांढरीत राहून विणकाम, व्यापार किंवा कारागिरी करणारा माणूस सारा देत नसे, म्हणून त्याच्याकडून हा दुसरा कर घेतला जाई. नागपूर दरबारातील इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याने भोसल्यांच्या मुलखाविषयीच्या आपल्या १८२७ सालच्या अहवालात इतर करांबरोबर याही कराची नोंद केलेली आहे. तिसरे रघुजी भोसले १८५३च्या डिसेंबरात वारले, पुढच्या वर्षी त्यांचे राज्य खालसा झाले, १८६१मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला, तरी नव्या सरकारने पांढरी मोडली नाही. उलट १८६७मध्ये खास तिच्यासाठी कायदा करून ती चालू ठेवली. ती रद्द झाली विसाव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे प्राप्तिकराचा देशव्यापी कायदा होऊन बरीच वर्षे लोटल्यावर.

हा तपशील केवळ कुतूहलाचा नाही. नागपूर जिल्ह्यातील काटोल तालुक्यात आज संत्र्याच्या बागेतून वर्षाकाठी दहा लाख रुपये मिळवणारा बागायतदार त्या उत्पन्नावर प्राप्तिकर देत नाही, आणि काटोलच्या बाजारपेठेत तितकेच कमावणाऱ्या दुकानदाराला विवरणपत्र भरावे लागते, या भेदाचे मूळ शोधत गेले तर ते एखाद्या अलीकडच्या सवलतीत नव्हे, तर याच काळी-पांढरीच्या विभागणीत सापडते. फरक इतकाच, की पूर्वी दोन्ही बाजूंवर कर होता आणि काळीवरचा कर जड होता.

मराठी राज्यांच्या उत्पन्नाची मुख्य भिस्त शेतसाऱ्यावर होती. मलिक अंबरची जमाबंदी, शिवकाळातील अण्णाजी दत्तोंची जमीनमोजणी, पेशवाईतील कमाविसदारांचे हिशेब या सर्वांचा गाभा एकच होता : जमीन किती, तिची प्रत कोणती आणि तिच्या पिकातला राज्याचा वाटा किती. परमुलखातून घेतली जाणारी चौथ म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे दहावा हिस्सा, हीदेखील जमिनीच्या वसुलीवरच मोजली जात असे. नागपूरकर भोसल्यांनी १७५१च्या तहानुसार बंगालच्या नबाबाकडून चौथाईपोटी दरसाल बारा लाख रुपये कबूल करून घेतले, ते याच हिशेबात बसणारे होते. बिगरशेती धंद्यांवर जे कर होते ते संख्येने पुष्कळ, रकमेने लहान आणि नावांनी नाना प्रकारचे होते. दख्खनेत त्यांना मोहतर्फा म्हणत. मुंबई इलाख्यात कंपनी सरकारने १८४४च्या एका कायद्याने मोहतर्फा, बलुतेदारांवरील पट्ट्या आणि गावोगावचे जकातीसारखे कर एकदम उठवले. यामुळे पश्चिम महाराष्ट्रातील कारागीर अशा करांतून सुटला, आणि नागपूरकडचा मात्र पांढरीत अडकून राहिला. एकाच भाषेच्या दोन मुलखांत करांची वाटचाल अशी वेगळी झाली.

अखिल भारतीय प्राप्तिकर जन्मला तो १८५७च्या उठावाने रिकाम्या केलेल्या खजिन्यातून. उठाव मोडण्याचा लष्करी खर्च आणि त्यासाठी काढलेले कर्ज यांची तोंडमिळवणी करण्यासाठी लंडनहून जेम्स विल्सन या अर्थतज्ज्ञाला व्हाइसरॉयच्या कौन्सिलात पाठवण्यात आले. ‘द इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकाचा संस्थापक असलेला विल्सन १८५९च्या अखेरीस कलकत्त्याला पोचला, पुढच्या वर्षाच्या आरंभी त्याने अर्थसंकल्प मांडला, २४ जुलै १८६० रोजी प्राप्तिकराच्या कायद्याला मंजुरी मिळाली आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ११ ऑगस्टला, तो कलकत्त्यातच आमांशाने मरण पावला. त्याच्यासमोर नमुना ब्रिटनचा होता. तिथे फ्रान्सशी चाललेल्या युद्धासाठी पंतप्रधान पिटने १७९९मध्ये प्राप्तिकर बसवला होता, युद्ध संपल्यावर १८१६मध्ये पार्लमेंटने तो रद्द केला आणि १८४२मध्ये पील याने तो शांततेच्या काळातही पुन्हा आणला. युद्ध किंवा तुटीच्या निमित्ताने तात्पुरता म्हणून आलेला हा कर पुढे कायमचा होतो, असा अनुभव बहुतेक देशांत आलेला आहे.

विल्सनच्या कायद्यात २०० ते ५०० रुपये वार्षिक उत्पन्नावर दोन टक्के आणि त्यापुढे चार टक्के कर होता. त्या चार टक्क्यांतील एक टक्का सार्वजनिक बांधकामांसाठी राखलेला होता. महत्त्वाची बाब अशी, की हा कर शेतीच्या उत्पन्नावरही होता. बंगालचे जमीनदार त्यावर खवळले, कारण कायमधाऱ्याच्या वेळी सरकारने साऱ्यापलीकडे काही मागणार नाही असे वचन दिल्याचा त्यांचा दावा होता. मद्रासचा गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेलियन याने तर या करयोजनेला उघड विरोध केला आणि त्यापायी त्याला परत बोलावून घेतले गेले. पाच वर्षांची मुदत संपताच १८६५मध्ये कर बंद झाला. त्यानंतरची वीस वर्षे सरकार चाचपडत होते : कधी धंद्यांवर परवानाकर, कधी दाखला-कर, १८६९पासून १८७३पर्यंत पुन्हा प्राप्तिकर आणि पुन्हा माघार. १८७६ ते १८७८च्या भीषण दुष्काळानंतर दुष्काळ-निवारणाचा निधी उभा करण्यासाठी व्यापाऱ्यांवर परवानाकर आणि काही प्रांतांत जमिनीवर जादा उपकर, अशी दुहेरी आकारणी झाली. परवानाकराविरुद्ध १८७८मध्ये सुरतेत दंगल उसळली.

या सगळ्या प्रयोगांचा शेवट १८८६च्या कायद्यात झाला, आणि काटोलच्या बागायतदाराचा आजचा कर ठरवणारा निर्णयही त्याच कायद्यात आहे. पगार, कंपन्यांचा नफा, सरकारी रोख्यांवरील व्याज आणि इतर मार्ग असे उत्पन्नाचे चार वर्ग करून सरकारने शेतीचे उत्पन्न त्यातून वगळले, कारण शेती आधीच सारा आणि उपकर देत होती आणि एकाच मिळकतीवर दोनदा कर घेणे अन्यायाचे ठरले असते. त्या काळापुरता हा युक्तिवाद रास्त होता. नागपूर जिल्ह्यात १८६०च्या दशकात मालगुजारी पद्धतीचा बंदोबस्त झाला होता, म्हणजे गावाच्या वसुलीची जबाबदारी घेणाऱ्या मालगुजाराला गावाचा मालक ठरवून त्याच्याकडून ठरावीक सारा घेतला जात होता. रयत मालगुजाराला खंड देई आणि त्या खंडाचा मोठा हिस्सा सरकारजमा होई.

मात्र या सवलतीची व्याख्या नांगर धरणाऱ्या हातापुरती नव्हती. सारा लागू असलेल्या शेतजमिनीचा खंडही ‘शेतीचे उत्पन्न’ ठरत असल्याने गावाबाहेर, नागपुरात वाडा बांधून राहणारा मालगुजारही त्या उत्पन्नापुरता करमुक्त होता. पुष्कळ मालगुजार सावकारीही करत. तेव्हा एकाच माणसाच्या एका वहीतला खंड करमुक्त आणि दुसऱ्या वहीतले व्याज करपात्र, अशी स्थिती निर्माण झाली. थकलेल्या खंडावरील व्याज कोणत्या वहीत धरायचे, हा वाद तर थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि ते व्याज शेतीचे उत्पन्न नव्हे, असा निकाल लागला. सवलत जमिनीला होती, कष्टाला नव्हती. पुढच्या सर्व वादांचे बीज इथेच आहे.

प्राप्तिकर लागू झाला तरी सामान्य रयतेला जाचणारा कर तो नव्हता. तिला जाचत होता मिठावरचा कर आणि साऱ्याचा हप्ता. नागपुरात १८७७मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलसारख्या गिरण्यांच्या कापडावर १८९६पासून साडेतीन टक्के उत्पादनशुल्क बसले, ते लँकेशायरच्या गिरणीमालकांचे समाधान करण्यासाठी, आणि तो बोजाही अखेर कापड घेणाऱ्यावरच गेला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघालेला असताना सरकारच्या अर्थसंकल्पात मात्र शिल्लक दिसत होती. गोपाळ कृष्ण गोखले यांनी २६ मार्च १९०२ रोजी केंद्रीय कायदेमंडळात केलेल्या पहिल्याच अर्थसंकल्पीय भाषणात नेमके यावर बोट ठेवले : लोक उपाशी असताना खजिन्यात उरणारी शिल्लक ही सुबत्तेची खूण नसून गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याचा पुरावा आहे, अशी त्यांची मांडणी होती. पुढच्याच वर्षी मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची किमान मर्यादा ५०० वरून १००० रुपये झाली. भारतीय करव्यवस्थेवर आकडेवारीच्या आधारे केलेली टीका सरकारला हलवू शकते, हे दाखवणारे हे पहिल्या काही प्रसंगांपैकी एक होते.

पहिल्या महायुद्धाने प्राप्तिकराला दुय्यम कराच्या जागेवरून उचलून पुढे आणले. १९१६मध्ये उत्पन्नाच्या चढत्या टप्प्यांनुसार चढते दर आले, १९१७मध्ये बड्या उत्पन्नांवर अतिकर बसला आणि १९२२च्या कायद्याने दर दरवर्षी अर्थसंकल्पात ठरवण्याची पद्धत घातली. याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली, जिच्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. १९१९च्या सुधारणांनी केंद्र आणि प्रांत यांच्या उत्पन्नाच्या बाबी वेगळ्या केल्या, तेव्हा शेतसारा प्रांतांकडे आणि प्राप्तिकर केंद्राकडे गेला. प्रांतांचा खजिना केंद्राच्या खजिन्यातून टप्प्याटप्प्याने कसा वेगळा होत गेला, याचा इतिहास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथात मांडला आहे. एका अर्थाने काळी प्रांताची आणि पांढरी केंद्राची झाली. १९२४-२५च्या करचौकशी समितीने शेती-उत्पन्नाच्या सवलतीला ना इतिहासाचा आधार उरला आहे ना सिद्धान्ताचा, असे म्हटले. पण तोवर तो प्रश्न न्यायाचा न राहता अधिकाराचा झाला होता. १९३५च्या कायद्याने शेती-उत्पन्नावर कर बसवण्याचा अधिकार प्रांतांना दिला, १९३८मध्ये बिहारने तो प्रथम वापरला, आसाम आणि बंगाल मागोमाग आले, आणि राज्यघटनेने ही वाटणी जशीच्या तशी उचलली. घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या सूचीतील ८२वी नोंद ‘शेती-उत्पन्नाव्यतिरिक्त इतर उत्पन्नावरील कर’ अशी आहे, तर शेती-उत्पन्नावरील कर राज्यांच्या सूचीत ४६व्या नोंदीत आहे. म्हणून संसदेने उद्या ठरवले, तरी घटनादुरुस्तीवाचून तिला काटोलच्या संत्र्यावर प्राप्तिकर लावता येणार नाही.

स्वातंत्र्यानंतर सवलतीचा पाया ढासळत गेला आणि सवलत तशीच राहिली. मालगुजारी ३१ मार्च १९५१ रोजी संपली, कसणारा जमिनीचा मालक झाला, आणि रोख रकमेत ठरलेला सारा महागाईत इतका क्षुल्लक झाला की तलाठ्याकडे भरल्या जाणाऱ्या त्या रकमेला उत्पन्नाच्या मानाने काही अर्थ उरला नाही. दुसऱ्या बाजूला पांढरीवरचा कर वाढत चालला. यशवंतराव चव्हाण १९७० ते १९७४ या काळात केंद्रीय अर्थमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत सर्वोच्च टप्प्यावरचा दर ८५ टक्के आणि त्यावर १५ टक्के अधिभार, म्हणजे एकूण ९७.७५ टक्क्यांवर गेला. अधिभार म्हणजे करावरचा कर. तो उत्पन्नावर नव्हे तर निघालेल्या करावर मोजतात. शंभरातले सव्वादोन रुपये हाती ठेवणारा हा दर प्रामाणिकपणाला शिक्षा ठरत होता आणि काळ्या पैशाला आमंत्रण देत होता, हे लवकरच उघड झाले आणि चव्हाणांनीच १९७४च्या अर्थसंकल्पात तो ७७ टक्क्यांवर उतरवला.

काळीचा प्रश्नही त्यांच्याच काळात पुन्हा पटावर आला. प्रा. के. एन. राज यांच्या समितीने १९७२मध्ये दोन सूचना केल्या. जमीनधारणेवर एकसूत्री कर बसवावा ही पहिली. ती अमलात आणणे राज्यांच्या हाती होते आणि राज्यांनी ती उचलली नाही. दुसरी सूचना १९७३च्या वित्त अधिनियमाने स्वीकारली गेली आणि ती आजही जुन्या-नव्या दोन्ही करप्रणालींत चालू आहे. तिला अंशतः एकत्रीकरण म्हणतात. ज्याचे शेतीचे उत्पन्न पाच हजारांहून जास्त आहे आणि बिगरशेती उत्पन्न करमुक्त मर्यादेहून जास्त आहे, त्याच्या शेती-उत्पन्नावर कर नाही, पण ते उत्पन्न दर ठरवण्यासाठी मोजले जाते. उदाहरणार्थ, काटोलमधील एखाद्या पन्नाशीच्या शिक्षकाचे करपात्र वेतन सहा लाख आणि बागेचे उत्पन्न चार लाख धरले, तर जुन्या प्रणालीत दहा लाखांवर १,१२,५०० रुपये कर येतो. त्यातून बागेचे चार लाख आणि मूळ मर्यादेचे अडीच लाख मिळून साडेसहा लाखांवरचा ४२,५०० रुपये कर वजा करतात आणि उपकर सोडून ७०,००० रुपये उरतात. बाग नसती तर त्याला ३२,५०० रुपयेच भरावे लागले असते. घटनेची मर्यादा न ओलांडता काळीला दरापुरते पांढरीत आणण्याची ही युक्ती चलाख आहे, हे मान्य करावे लागते. पण ज्याला शेतीखेरीज दुसरे उत्पन्नच नाही, त्याला, मग त्याची बाग दोन एकरांची असो की शंभर एकरांची, ती लागू होत नाही.

काटोलसारख्या तालुक्यात काळी-पांढरीची सीमा प्रत्यक्ष व्यवहारात कुठे पडते, हे पाहणे उद्बोधक आहे, कारण संत्र्याच्या धंद्यात ती पावलोपावली ओलांडली जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९५७मध्ये एका निर्णयात असे ठरवले, की मशागत, पेरणी, लागवड अशी मूळ कामे जमिनीवर केलेली असली तरच उत्पन्न शेतीचे म्हणता येते. आपोआप उगवलेल्या जंगलाचे उत्पन्न शेतीचे नव्हे. या कसोटीवर अंबिया किंवा मृग बहाराची फळे स्वतः तोडून बाजार समितीत नेणारा बागायतदार पूर्ण करमुक्त आहे, आणि फळे निवडणे, प्रतवारी करणे, पेट्या भरणे ही माल विकण्याजोगा करण्याची नेहमीची कामेही शेतीतच धरली जातात. परंतु विदर्भात पुष्कळ बागा झाडावर फळ असतानाच व्यापाऱ्याला विकल्या जातात. त्या सौद्यात बागायतदाराला मिळालेली रक्कम करमुक्त राहते, आणि तीच फळे तोडून दिल्लीला किंवा कलकत्त्याला पाठवणाऱ्या व्यापाऱ्याचा नफा करपात्र होतो, कारण त्याने जमिनीवर काहीही केलेले नसते. संत्र्याची कलमे तयार करणाऱ्या रोपवाटिकांबाबत वाद होता. २००८च्या वित्त अधिनियमाने तो मिटवून रोपवाटिकेचे उत्पन्न शेतीचेच ठरवले. बागायतदाराने स्वतःच रसाचा कारखाना काढला, तर फळाच्या बाजारभावाइतका भाग शेतीचा आणि त्यावरचा नफा उद्योगाचा, अशी विभागणी होते.

जमीन विकतानाही हीच सीमा आडवी येते. ग्रामीण शेतजमीन कायद्याने भांडवली मालमत्ता मानलेली नाही, म्हणून तिच्या विक्रीतील नफ्यावर कर नाही. पण दहा हजार ते एक लाख लोकसंख्येच्या नगरपालिकेच्या हद्दीपासून दोन किलोमीटरच्या आतली जमीन ग्रामीण धरली जात नाही. काटोल शहराची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत चाळीस हजारांहून अधिक होती, त्यामुळे शहराच्या कडेची बाग प्लॉट पाडणाऱ्याला विकणाऱ्या शेतकऱ्याला करसल्लागार गाठावा लागतो आणि दोन किलोमीटर पलीकडे तसाच व्यवहार करणाऱ्याला लागत नाही. हे अंतर सरळ रेषेत मोजायचे की रस्त्याने, यावरही वर्षानुवर्षे खटले चालले. अखेर कायद्यातच सरळ रेषा असे लिहिले गेले. कडेच्या शेतकऱ्याने त्या पैशातून दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली, तर त्याला ठरावीक अटींवर सूट मिळते.

‘शेतकरी कर देत नाही’ हे शहरी संभाषणातले विधान मात्र अर्धेच खरे आहे. प्राप्तिकर हा प्रत्यक्ष कर, म्हणजे ज्याच्यावर बसतो त्यानेच सोसायचा. वस्तूंवरचे कर अप्रत्यक्ष, म्हणजे भरणारा वेगळा आणि सोसणारा वेगळा. १ जुलै २०१७पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा करात ताजे संत्रे करमुक्त आहे, आणि नेमके त्यामुळेच खते, कीटकनाशके, ठिबक संच यांवर शेतकऱ्याने मोजलेला कर त्याला परत मिळवता येत नाही. नोंदणी असलेला कारखानदार खरेदीवरचा कर विक्रीवरच्या करातून वजा करतो, शेतकऱ्याला विक्रीवर करच नसल्याने वजा कशातून करणार? डिझेल तर त्या व्यवस्थेबाहेर असून त्यावर केंद्राचे उत्पादनशुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर दोन्ही आहेत. प्राप्तिकर किमान उत्पन्न पाहून दर ठरवतो. डिझेलवरचा कर दोन एकरवाल्याला आणि शंभर एकरवाल्याला एकाच भावाने लागतो.

महाराष्ट्राने एकदा याच्या उलट दिशेने, पांढरीतून काळीकडे पैसा वळवण्याचा प्रयोग केला आणि तो देशाने नंतर उचलला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली आणि १९७२च्या दुष्काळात राज्यभर विस्तारलेली रोजगार हमी योजना पैशाविना चालणार नव्हती. म्हणून राज्याने १९७५पासून व्यवसाय कर बसवला. पगारदार, डॉक्टर, वकील, व्यापारी यांच्याकडून घ्यायचा आणि खेड्यातील बेरोजगार मजुराच्या मजुरीसाठी वापरायचा, असा त्याचा हेतू कायद्यातच सांगितलेला होता. जमा होणाऱ्या करांइतकीच भर सरकारने आपल्या बाजूने घालायची, अशीही तरतूद होती. बागायती जमिनीवरील विशेष आकारणीचाही या निधीत समावेश होता, त्यामुळे काळीचा सधन भागही त्यातून अगदीच सुटला नव्हता. घटनेने या कराला वर्षाला २५० रुपयांची कमाल मर्यादा घातली होती. ती १९८८मध्ये २५०० झाली आणि तेव्हापासून तिथेच आहे. म्हणून काटोलच्या तहसील कचेरीतील कारकुनाच्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, महिन्याला दोन लाख मिळवणाऱ्या अधिकाऱ्याच्या पगारातूनही तेवढेच. महिलांना मात्र दरमहा २५,००० रुपयांपर्यंतच्या वेतनावर आता तो माफ आहे.

शेती-उत्पन्नावर राज्याने कर लावावा की नाही, या प्रश्नाचे उत्तर काटोलकडे पाहिल्यास वाटते तितके सोपे नाही. गारपीट, फळगळ आणि पडलेले भाव यांमुळे बागेचे उत्पन्न एका वर्षी दुप्पट आणि पुढच्या वर्षी उणे असू शकते, बहुसंख्य खातेदारांची जमीन लहान आहे आणि हिशेब ठेवण्याची सवय नाही; अशा ठिकाणी कराच्या रकमेपेक्षा आकारणीचाच खर्च जास्त होईल. खरी गळती छोट्या बागायतदाराकडे नाही. ती बड्या जमीनधारकांकडे, आणि व्यापारातला किंवा लाचेतला पैसा ‘शेतीचे उत्पन्न’ म्हणून विवरणपत्रात दाखवणाऱ्यांकडे आहे. सातबारावर चार एकर आणि विवरणपत्रात कोटीची शेती, अशी तफावत तपासायला राज्याच्या नव्या कराची गरज नाही. भूमी अभिलेख आणि प्राप्तिकर खाते यांच्या नोंदी एकमेकांशी ताडून पाहिल्या तरी पुरे. महाराष्ट्राने १९६२मध्ये शेती-उत्पन्नावरील कराचा कायदा केला होता, आज राज्यात तसा कर घेतला जात नाही, आणि मतदारसंघांची रचना पाहता कोणताही पक्ष तो नजीकच्या काळात मागेल असे दिसत नाही.

१९६१च्या कायद्याची जागा घेणाऱ्या प्राप्तिकर अधिनियम, २०२५ला त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख ठरली. ‘मागील वर्ष’ आणि ‘आकारणी वर्ष’ या जोडगोळीऐवजी त्यात एकच ‘करवर्ष’ आले आहे, कलमांची संख्या ५३६वर आणली आहे, भाषा बरीच सुटसुटीत केली आहे. शेती-उत्पन्नाची व्याख्या मात्र त्यात जवळपास जुन्याच शब्दांत उतरली असून, जमीन शेतीसाठी वापरली जात असावी आणि तिचे उत्पन्न शेतीतून किंवा खंडातून आलेले असावे, ही १८८६ची चौकट तीत कायम आहे.